घरात माणसं किती?

कॉलेजात मी उद्योजकता शिकवायचो, आणि माझा लाडका उपक्रम होता सर्व्हेचा. धंदा सुचला की फॉर्म घेऊन घरोघरी जायचं, गिऱ्हाईक मिळेल का ते विचारून यायचं. त्या वर्षी डबा, इस्त्री, कुंड्या अशा पाच गटांच्या फॉर्मांत कॉलेजजवळच्या बेव्हर्ली पार्कमधला एकच पत्ता निघाला. घरात माणसं चार, आणि प्रत्येक धंद्याला होकार. पोरांनी कॅन्टीनमध्ये बसून फॉर्म भरलेत, या खात्रीने मी मिशा पिळत चोर पकडायला निघालो.

दार उघडलं कडक इस्त्रीच्या शर्टातल्या एका वयस्क गृहस्थांनी. मी कॉलेजचं नाव सांगताच त्यांनी आत बसवलं. टेबलावर सहा कप पालथे मांडून ठेवले होते. दाराशी चपलांचा जोड मात्र एकच.

"बाकीची तिघं कुठे गेलीत?" मी विचारलं.

ते कानाची पाळी चोळत हसले. "सर, मुलांना ओरडू नका. पहिल्यांदा आलेल्यांना मी खरं सांगितलं होतं. ती मुलं लगेच थँक्यू अंकल म्हणून उठली. फॉर्मवरच लिहिलंय ना, एकटा माणूस असेल तर पुढचे प्रश्न विचारू नका. मग मी चार सांगायला लागलो. वीस प्रश्न होतात, चहा होतो."

फॉर्मवरचं ते वाक्य माझंच होतं. वर्गात मी ते मोठ्या झोकात वाचूनही दाखवलं होतं.

मी बॅगेतून कोरा फॉर्म काढला. "घरात माणसं किती?"

"चार," म्हणत ते कप सुलटे करायला उठले. मी चार लिहिलं.