आबांची पिकअप आणि बावखलाचं पाणी

आबांची पिकअप चालती होती तेव्हा तिच्यातल्या बसायच्या जागा ठरलेल्या असत. पुढे स्टिअरिंगवर आबा. शेजारी धाकटा मुलगा काशीराम, खिडकीत कोपर टाकून. आणि थोरला तुळशीदास मागच्या हौद्यात, विड्याच्या पानांच्या करंड्यांमध्ये उकिडवा, हातात तांब्या, पायाशी बादली. पानं सुकू नयेत म्हणून वाडीपासून स्टेशनपर्यंत पाणी शिंपडत जायचं. चुकून कधी त्याचा हात पुढच्या दाराला लागला तर आबा मान न वळवता म्हणत, "तुळशा, मागं बस." त्यातला 'शा' ते असा ओढायचे, जणू टाचेत रुतलेला काटा काढतायत.

आबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण तो 'शा' काही गेला नाही. काशीरामला तो हुबेहूब यायचा. बारसं असो की बारावं, पंगत उठली की कुणीतरी म्हणणारच, काशी, जरा आबा कर. मग काशीराम पान गालात सरकवायचा, डावा डोळा बारीक करायचा, घसा आत ओढायचा आणि आबा थेट वरून खाली यायचे. मांडव हसायचा. तुळशीदास सगळ्यांच्या आधी हसायचा, म्हणजे बाकीच्यांना चोरट्यासारखं वाटायला नको.

हा तुळशीदास एका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या विसळून निवृत्त झाला. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी त्याचं नाव दोनदा चुकवलं आणि दोन्ही वेळा यानेच टाळ्या वाजवल्या. पोरबाळ नव्हतं. घरात बायको मालन, आणि चिकूखाली आबांची पिकअप. तिच्या टपावर गुळवेल चढलेली, सीटच्या स्प्रिंगांत कोंबडी अंडी घालायची. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तुळशीदासने कोंबडीला उठवलं, स्वतः त्या जागी बसला आणि स्टिअरिंगला दोन्ही हात लावले. मालनने ओसरीवरून पाहिलं. अंडी तरी बाजूला ठेवायची होती, एवढंच ती म्हणाली.

मग तो शिकायला लागला. शिकवणारा मोबाइलमधला एक पंजाबी होता, जो प्रत्येक नट-बोल्टला "दोस्तो" म्हणून हात घालायचा. महिनाभरात तुळशीदासही पाना उचलताना "तो दोस्तो" म्हणायला लागला. पंप खोलला, नोझल साफ केले, पिस्टनच्या रिंगा वालीवहून आणल्या, उलट्या बसवल्या, पुन्हा खोलल्या. उघडलेला प्रत्येक भाग मालनच्या पापडाच्या ताटात मांडलेला. जेवताना त्याच्या बोटांचा वास भाताला लागायचा. शेजारचे लोक कुंपणावरून विचारायचे, काय तुळशीदास, आज पेशंट काय म्हणतोय? तो खरोखर सांगायला लागायचा, गॅस्केटपासून. तोवर विचारणारे निघून गेलेले असायचे.

काशीरामने अक्षयाचं, म्हणजे त्याच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरवलं आणि चिकूखालची जागा आचाऱ्याच्या चुलीला हवी म्हणून सांगितलं. सातिवलीचा भंगारवाला येऊन पिकअप बघूनही गेला. त्या संध्याकाळी तुळशीदास भावाच्या ओसरीवर गेला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने काही मागितलं. या घरात लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवासाठी उंबराची फांदी आणतात, आणि आबांनी गाडी घेतल्यापासून ती गाडीतूनच यायची. निघताना बायका गाडी चालवणाऱ्याला ओवाळत. तेवढं एकदा करू दे, मग न्या कुठे न्यायची ती.

काशीराम पाहुण्यांमध्ये बसला होता. त्याने आधी सगळ्यांकडे पाहून घेतलं.

"चालव की. तू पुढं बस, मी मागं बसतो उंबर धरून. पन ऐक दादा, वाटेत बंद पडली तर परत वाडीत आणायची न्हाय. तिथनंच सातिवलीला."

पाहुणे हसले. तुळशीदासला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं. काशीराम मागं बसणार.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वालीवच्या वर्कशॉपमधला जेन्सन चर्चमधला मिस्सा आटपून, इस्त्रीच्या शर्टातच, गाडी बघायला आला. तुळशीदासने चावी फिरवली. आधी खोकला, मग ढर्र, मग काळा धूर, आणि चिकूवरचे कावळे उडाले. गाडी चालू झाली. जेन्सनला खोटं बोलायचं कारण नव्हतं. इंजिन चांगलं बांधलंत तुळशीकाका, तो म्हणाला, आमच्याकडची पोरं एवढं बांधत नाहीत. मग त्याने गाडी बंद करून, थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"काका, पाणी कुठलं टाकता?"

"बावखलाचं."

बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं, ज्याच्यावर पानवेली जगल्या, केळी जगल्या. पण आता विरारच्या इमारतींसाठी टँकरवाले जमिनीखालचं गोडं पाणी उपसतात आणि खालून समुद्र आत सरकतो. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जेन्सनने तरी सगळं समजावलं. हे मिठागर आहे, रेडिएटर आतून खातंय, चार वेळा धुवा आणि बाजारातलं कुलंट टाका. मालननेही आतून री ओढली की त्या पाण्यात डाळ शिजत नाही, गाडी मात्र शिजेल.

तुळशीदासने मान डोलावली. प्रवचनाला डोलावतात तशी. गाडीतलं बाकी सगळं तो पंजाब्याकडून शिकला होता. आबांनी त्याला शिकवलेली गोष्ट एकच. पहाटे करंड्या चढायच्या आत तांब्याने रेडिएटर भरायचा. त्या गाडीचं तेवढंच काम कधीकाळी त्याच्या वाट्याचं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. वाडीच्या गाडीला वाडीचं पाणी, आबा म्हणायचे. बावीस वर्षं चालली होती त्यावर. जेन्सन गेल्यावर त्याने पाण्याची पातळी पाहिली. चार बोटं कमी होती. तो तांब्या घेऊन बावखलाकडे गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी उभी राहिली तेव्हा लोक खरंच कुंपण सोडून जवळ आले. निळा रंग, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, बोनेटवर झेंडूची माळ. कागदपत्रं केव्हाच मेलेली, पण गावातल्या गल्लीत कोण विचारतो. बायकांनी तुळशीदासला ओवाळलं. कपाळाला कुंकू लागलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि जरा जास्तच वेळ मिटलेले ठेवले. अक्षया म्हणाली, काका, स्लो घ्या हां. आणि काशीराम, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, मागच्या फाळक्यावरून हौद्यात चढला. तुळशीदास आरशात बघत होता. आरसा त्याने मुद्दाम तसाच लावला होता. रस्ता कमी आणि हौदा जास्त दिसेल असा.

जाताना गाडी गुमान गेली. पुढे बँड, मागे बायका. उंबराची पूजा झाली, फांदी हौद्यात चढली, आणि परतीच्या वाटेवर, अर्ध्यावर, तापमानाचा काटा हलला. मधे आला, मग वर चढला. पायाशी ऊब आली. पंजाबी सांगायचा, दोस्तो, काटा लाल में गया तो गाडी वहीं रोक दो. थांबून, बोनेट उघडून, थंड होऊ दिली असती तर इंजिन वाचलं असतं. तुळशीदासला हे पाठ होतं. पण थांबली म्हणजे बंद पडली, आणि बंद पडली म्हणजे सातिवली. त्याने काट्यावर रुमाल टाकला आणि आरशात पाहिलं. काशीराम एका हाताने फांदी, दुसऱ्याने टप धरून हेलकावे खात होता. तुळशीदास हसला आणि त्याने पाय दाबला.

क्रूसाच्या वळणावर बोनेटखालून वाफ निघाली, मग आत काहीतरी तडकलं आणि गाडी जागच्या जागी मेली. गढूळ पाणी रस्त्यावरून बँडवाल्यांच्या पायांपर्यंत गेलं. तुळशीदास खाली उतरला, वाकला, त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग तसाच वाकून राहिला.

तेवढ्यात क्लॅरिनेटवाल्याने वाजवलं. आधी खोकला, मग ढर्र, मग लांबलचक फुस्स. इतकं बेमालूम की आधी अक्षया हसली, मग कलशवाल्या बायका, मग सगळी वरात. मालनही हसली, तोंडाला पदर लावून.

मागून पाण्याचा टँकर भोंगा वाजवत आला. मुहूर्त टळायला नको म्हणून त्यालाच पुढे घेतला आणि दोर बांधला. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग कुणीतरी धरायला हवं होतं. तुळशीदासने दार उघडलं, एक पाय आतही टाकला. काशीराम हौद्यातून उतरून आला. त्याने पान गालात सरकवलं, डावा डोळा बारीक केला.

"तुळशाऽऽ, मागं बस."

आवाज कुणाचा हे डोक्याला कळायच्या आत पाय फाळक्यावर होते. त्यावर वरात जी हसली ती बँडपेक्षा मोठी. बायकांपैकी एकीला आठवलं की ओवाळणं चालवणाऱ्याचं असतं, म्हणून ताट पुढे आलं आणि काशीरामच्या कपाळाला कुंकू लागलं. निघता निघता त्याने एका हाताने स्टिअरिंग सांभाळत सातिवलीला फोन लावला. उद्या नको, उद्या लगीन हाय. परवा या.

हौद्यात उंबराची फांदी, तिच्या बाजूला तुळशीदास उकिडवा. त्याने रेडिएटरसाठी जास्तीची म्हणून ठेवलेली बावखलाची बादली पायाशी होती आणि तिच्यात तांब्या. ऊन पानांवर आलं होतं. दोन वळणं तो नुसता बसून राहिला. तिसऱ्या वळणावर त्याचा हात आपोआप तांब्याकडे गेला, आणि घर येईपर्यंत तो पानांवर पाणी शिंपडत राहिला, एकही पान न चुकवता.

दुपारी मांडवात फांदीवरचं पाणी वाळलं तेव्हा पानापानावर बारीक पांढरे ठिपके उमटले होते. बायका म्हणाल्या, अक्षता आत्ताच कुणी टाकल्या?