बाकाचे नऊ इंच

शाळेची पोरं ने-आण करणारी एक जुनी गाडी ह्यांनी निवृत्तीनंतर विकत घेतली आणि तिचं फिरतं घर करायचं ठरवलं. हिंगोलीत आमच्या अंगणात ती दोन महिने उभी होती. स्वप्नं ह्यांची, मोजमाप माझं. एक इंच मी वाया जाऊ दिला नाही. मागे आडवा पलंग, पलंगाखाली कपड्यांचे खण. ओटा एका शेगडीपुरता. बिजागरीवर दुमडणारी फळी, तेच जेवायचं टेबल. मसाल्याचे डबेसुद्धा दाराच्या आतल्या अंगाला अडकवले. बघायला येणारे तोंडात बोट घालायचे, आणि मला ते आवडायचं.

डाव्या बाजूला पाच फुटांचा एक बाक होता.

ह्यांची मोठी बहीण आमच्याकडेच राहते. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. नवरा गेल्यावर भर तारुण्यात त्या सेनगावकडून माहेरी परत आल्या. माझी दोन्ही लेकरं त्यांनी वाढवली, म्हणून मी नोकरी करू शकले. उपकार मोठे आहेत. पण उपकार करणारं माणूस दिवसभर डोळ्यांसमोर वावरलं की काय होतं, ते ज्याच्या घरात घडतं त्यालाच ठाऊक. गाडी पहिल्यांदा कोकणात न्यायचं ठरलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "मला बी घेऊन चला. समुद्र पाहिला न्हाई मी. सत्तरी उलटली आता."

"जागा कुठंय, अक्का?" मी म्हणाले.

"बाकावर पडीन की."

जित्या माणसाला आडवं निजवून मोजू नये, ते तिरडीचं माप, असं अक्काच आम्हाला सांगत आल्या. कुणी शिंकलं तर उंबरा न ओलांडणारी ही बाई त्या दिवशी मुकाट बाकावर आडवी झाली. गाडीचं सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीनं टेप लावला. चार फूट नऊ इंच.

"बराबर बसलं," तो म्हणाला. अक्का पडल्या पडल्याच हसल्या. मला ते हसू सोसलं नाही. खरं तेच सांगते.

ह्यांची पाठ वळल्यावर मी मिस्त्रीला बाकाच्या टोकाचं भांड्यांचं कपाट नऊ इंच पुढं घ्यायला सांगितलं.

दोन दिवसांनी अक्का स्वतःची उशी घेऊन पुन्हा निजून बघायला गेल्या. पाय कपाटाला अडले. मी दारातच उभी होते.

"आकसलं काहून हे?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "वैनींनीच सांगितलं ना, कपाट पुढं घे म्हणून."

अक्का उठल्या. उशी काखेत मारली आणि माझ्या बाजूनं घरात गेल्या.

दुपारी जेवताना त्यांनी भावाला सांगितलं, "मला गाडी लागती रे. तुमी दोघं जाऊन या."

हे भडकले. आधी सांगायला काय झालं होतं, उगाच सगळ्यांना नाचवलं, म्हणाले. अक्कांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मी भाजी वाढत होते. 

निघताना त्यांनी आम्हाला दशम्या बांधून दिल्या.

त्या भावाजवळ बोलल्या असत्या तर भांडण झालं असतं, मी रडले असते, पाय धरले असते आणि एकदाचं संपलं असतं. त्या बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.