मास्तरांचा मुलगा जेलात

तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, सदर इसम, वयाने प्रौढ, वर्तनाने आजवर सभ्य, आपल्या राजीखुशीने तुरुंगात दाखल झाला आहे. जामिनासाठी कोणीही धावपळ करू नये. सदर इसम म्हणजे मी.

आमच्या गावचं इंग्रजांच्या काळातलं जेल कित्येक वर्षं बंद पडलं होतं. आत वटवाघळं आणि कमरेएवढं गवत. आम्ही नाटकवाल्यांनी ते मागून घेतलं आणि स्वतःच उपसलं. आता एका कोठडीत तबल्याचा वर्ग चालतो, दुसरीत वाचनालय. कैद्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तोंडाला रंग लावतो. खिडक्यांचे काढलेले गज वेल्डिंगवाल्या चाचांनी वाकवले आणि त्यांतून पेटी ठेवायचे स्टँड केले. हे सांगताना माझी छाती इतकी फुगते, की शर्टाची बटणं धोक्यात येतात.

एकच माणूस आत यायला तयार नव्हता. माझे वडील. निवृत्त मास्तर. नोकरीभर ते जेलसमोरचा जवळचा रस्ता टाळून बाजाराला वळसा घालून शाळेत गेले. मास्तर जेलच्या दारात दिसला तर गाव काय म्हणेल! उद्घाटनाच्या नाटकात मी चोर होणार, हे कळताच त्यांनी पुढचं ताट सरकवलं.

"दुसरं सोंग नाही भेटलं तुले? अन् थेही जेलात? लोकं म्हणतीन, मास्तरचं पोट्टं पोचलं शेवटी!"

त्यांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. हे तरी पाहावं, एवढीच माझी इच्छा होती.

चाचा त्यांचे जुने विद्यार्थी. प्रयोगाच्या सकाळी ते आमच्या घरी गेले.

"गुरुजी, चला ना. सारं गाव येऊन राह्यलं."

"त्या बुटक्या दारातून? मुजरिमावानी मान वाकवून? आपल्याच्यानं नाही होत बाप्पा."

जेलच्या मोठ्या फाटकात एक छोटं दार असतं, आणि आत जाणारा प्रत्येक जण वाकूनच जातो. चाचा परत आले, बिजागऱ्यांत तेल ओतलं आणि म्हणाले, "पाहता काय बे? लावा जोर!" आम्ही सगळ्यांनी खांदे लावले. गंजलेलं फाटक किंचाळत उघडलं. हत्ती जाईल एवढी वाट झाली.

संध्याकाळी मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिली रांग, पांढरी टोपी, ताठ मान. पाठ केलेलं निम्मं नाटक मी तिथेच विसरलो. कसंबसं शेवटापर्यंत निभावलं.

शेवटच्या प्रवेशात हवालदार मला साखळीने ओढत पुढे आणतो आणि प्रेक्षकांकडे बोट करून गरजतो, "या चोराला इथं कोणी ओळखतं का?" कोणीच उत्तर देत नाही आणि दिवे मंद होतात. ही शांतता आम्ही तालमीत घोटून घोटून बसवली होती. पण पहिल्या रांगेतून वडील उठले, टोपी नीट केली आणि वर्गात बोलावं तसं खणखणीत बोलले,

"हाव साहेब, मी ओयखतो! माहा पोरगा हाय थो!"