आक्काने न ओलांडलेला साकव

जोयड्याच्या बसथांब्यावर चहा घेत उभा होतो, तेव्हा आक्काच्या मुलाचा, रामाचा फोन आला. "मामा, आई गेली. चुलीपुढं बसली हुती, तिथंच." मग म्हणाला, "येताना तेवढा कापूर घेऊन ये." मी कापूर घेतला, बसला वेळ होता म्हणून गुंदकडं जाणारी जीप पकडली. वाटेत मला रडू आलं नाही. कोर्टाच्या पायरीवर ती आपल्याला काय म्हणाली होती, एवढंच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

आक्का माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी, गावातच दिलेली. आमची वाडी ओढ्यापलीकडं आहे आणि रस्ता अलीकडं. पूर्वी दसरा झाला की गावचे पुरुष एकत्र येऊन ओढा ओलांडायला लाकडी साकव घालायचे. पुढं सरकारनं लोखंडी साकव बांधला, वर पत्रे टाकले, आणि परत त्याच्याकडं सरकारी खात्याचं कोणी फिरकलं नाही. दरवर्षी आम्हीच इथंतिथं ठोकठाक करायचो. पत्रे गंजले. ग्रामसभेत आम्ही दोनतीनदा सांगितलं, अर्ज दिले. एका संध्याकाळी आक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत असताना पत्रा तुटला आणि तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. आम्ही तिला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं, जीपमध्ये घातलं. हाड जोडलं गेलं, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. भाताच्या लावणीला ती नंतर कधीच वाफ्यात उतरली नाही.

ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही साकव दुरुस्त केला. कोणी बोलावलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपली कोयती-पहार आणली. गोठ्यासाठी राखून ठेवलेली किंदळीच्या लाकडाची जाड फळी मी दिली आणि ती बसवलीही मीच. आक्का दवाखान्यात कण्हत होती आणि आपण तिच्यासाठी काहीतरी केलं, या समाधानात मी घरी येऊन पोटभर जेवलो... हे लिहितानाही अवघड वाटतं.

बरी होऊन आल्यावर तिनं सरकारवर दावा लावला. गावाला ते रुचलं नाही. पाय बघून टाकायचा असतो, असं बायका पाणवठ्यावर बोलत. आमचा एक म्हातारा काका तिला तोंडावर म्हणाला, "सरकारावर कोन केस करतंय काय, आक्का? सरकार म्हंजे पाऊस. पडला तर पडला."

"पावसाला आपन घरपट्टी भरत न्हाई, काका," आक्का म्हणाली.

भरपाई तिला हवीच होती, नाही असं नाही. पण वकिलाला ती दर खेपेस एकच सांगायची : साकव मोडका होता आणि तो नीट ठेवायचं काम सरकारचं होतं, एवढं कोर्टानं म्हणावं. चूक माझ्या पायाची नव्हती, हे गावाला ऐकू यावं.

खात्याचा माणूस पाहणीला आला तेव्हा फळी घट्ट बसलेली होती. त्यानं तिच्यावर पाय आपटून पाहिला. "मजबूत आहे की," म्हणाला. पुढं कोर्टात मी आक्काच्या बाजूनं साक्षीला उभा राहिलो. सरकारी वकिलानं विचारलं, "तुटलेला पत्रा कुठं आहे?" तो आमच्यातल्या एकानं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला होता, पावसात पार कुजून गेला होता. "साकव दुरुस्त कोणी केला?" आम्ही. "दरवर्षी तुम्हीच करता?" व्हय, म्हणालो. मोठ्या अभिमानानं म्हणालो. साकव मोडका असल्याचं सिद्ध होत नाही, असा निकाल लागला.

बाहेर आल्यावर आक्का पायरीवर बसली, पाय लांब करून. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाई रे. पन पाय माझा मोडला आन तू साकव बरा केलास. सरकार सुटलं." मग हसली. मला हसता आलं नाही.

त्यानंतर तिनं साकवावर पाय ठेवला नाही. "सरकारनं केला की जाईन," म्हणायची. ओढा जिथं अरुंद होतो तिथवर वर चढून दगडांवरून पलीकडं जायची. पावसाळ्यात तर गाव सोडतच नसे. आम्ही याला हट्ट म्हणायचो. तिला स्मशानात नेताना मात्र कोणी काही न सांगताच सगळे वरच्या वाटेला वळले.

तिचं दिवसकार्य झालं आणि साकवाचा आणखी एक पत्रा गेला. या खेपेला कोणी पडलं नाही. पोरं माझ्याकडं आली. "दादा, फळी हाय काय?"

"हाय. पन घालायची न्हाई. फोटो काढा, अर्ज देऊ. येऊन बघू देत."

"तोवर काय उडत जायाचं?"

"आक्का जायची तसं."

साकवाच्या दोन्ही तोंडांना मी काटेरी फांद्या बांधल्या आहेत. गाव कुरकुर करतं, बायकोही बोलते. शाळेच्या मुलांना वळसा पडतो, ते मलाही दिसतं. आपण करतोय ते बरोबर की नुसतं प्रायश्चित्त, हे मला ठरवता येत नाही.

त्या वरच्या वाटेनं मी आता रोज जातो. चढावर आक्कानं मातीत पायऱ्या खणून ठेवल्या आहेत. न वाकणारा पाय उचलता येईल इतक्याच, वीतभरसुद्धा उंची नाही आणि एकीला लागून दुसरी. आमच्यासारख्यांची पावलं तिथं अडखळतात. लांब टांग टाकावी तर घसरायला होतं. तरणी पोरंसुद्धा तिथं तिच्याच चालीनं चढतात, सावकाश, एकामागून एक.

पुढच्या आठवड्यात खात्याचे साहेब बघायला येणार असल्याचा निरोप आलाय. साकव अलीकडूनही दिसेल म्हणा. पण साहेबांना आधी वरच्या वाटेनं, आक्काच्या पायऱ्यांवरून चढवून आणायचं, असं मी आणि रामानं ठरवलंय.