पाहिल्याशिवाय नंबर नाही

सरकारला भिणारी माणसं पुष्कळ असतात, पण सरकार बदलण्याला माझ्या साडभाऊंइतका भिणारा माणूस या देशात दुसरा नसावा. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वणीकडून आदिलाबादकडे जाणाऱ्या लाइनवर, झरी जामणीच्या बाजूला, एका फाटकावर ते गेटमन होते. वाघाला ते भीत नसत. फाटकालगतच्या त्यांच्या खोलीच्या, म्हणजे गुमटीच्या, मागे नाल्यात वाघाचे ठसे निघाले, तेव्हा त्यांनी त्यावर घमेलं पालथं घातलं, का तर वनखात्याच्या लोकांना ते नीट दिसावेत. पण निवडणूक लागली की त्यांचा आहार निम्मा व्हायचा. दिल्लीची निवडणूक असो, मुंबईची असो की त्यांच्या गावच्या सोसायटीची. "अहो, सोसायटीचा आणि रेल्वेचा काय संबंध?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, नवा घरधनी आला का पह्यले जुन्या सालदारालेच हात लावते. मंग तो घरधनी एका एकराचा असो का एका देशाचा." मी घाटंजीच्या शाळेत तेवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवतो. यावरचं उत्तर मी पुस्तकात शोधलं, तिथंही ते नव्हतं.

त्यांच्या गुमटीतल्या फळ्यांवर वर्तमानपत्र घातलेलं असे, पण त्यात एकाही पुढाऱ्याचा फोटो नसे. चुकून एखादा मंत्री चहाच्या डब्याखाली हसताना दिसला, तर ते तो कागद त्याच दिवशी बदलत. "उगाच कोनी पाह्यलं तर म्हनीन, हा त्याइचा मानूस आहे." त्यामुळे त्यांच्या फळ्यांवर कायम बियाण्याच्या जाहिराती असत. आता कपाशीच्या बोंडाचा कोणताही पक्ष नसतो, असं त्यांना वाटे. पुढे एका पक्षाच्या सभेत कोणीतरी पुढाऱ्याला बोंडांचा हार घातल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी फळ्या उघड्याच ठेवल्या.

पण त्यांचा खरा छंद होता नंबराचा. तो समजल्याशिवाय साडभाऊ समजणार नाहीत. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तर गेटवर फोन करतो. गेटमननं फाटक बंद करायचं, कुलूप लावायचं, आणि मग एका छापील कागदावरचा पुढचा दोन आकडी नंबर फोनवर सांगायचा. तो नंबर म्हणजे गेटमनचा शब्द. नंबर मिळाल्याशिवाय तिकडून गाडी सुटत नाही, आणि वापरलेला नंबर रेघ मारून कापायचा असतो, तो पुन्हा चालत नाही. साडभाऊंनी आयुष्यात कुलूप हातानं ओढून पाहिल्याशिवाय एकही नंबर दिला नाही. एकदा स्टेशनमास्तर फोनवर घाई करू लागला, तर म्हणाले, "साहेब, गाडी लेट झाली तर पेपरात येत नाही. मी लेट झालो तर येते."

हे इथपर्यंत ठीक होतं. पण माणूस नोकरी करता करता नोकरीच माणसाला करायला लागते. साडभाऊ घरातही नंबर मागू लागले. "मीठ टाकलं का भाजीत?" ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणत, "टाकलं." "नंबर?" ताई चुलीपासून ओरडत, "एक्कावन! जेवा आता मुकाट्यानं!" एकदा मी जेवायला असताना असाच एक्कावन नंबर मिळाला आणि भाजी निघाली अळणी. साडभाऊंनी घास खाली ठेवला. रागावले नाहीत, नुसते खिन्न झाले. "पाह्यलं नाही अन् नंबर दिला," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "अवं, भाजी आहे ते! मालगाडी नोय!" मी मात्र पुढली पाच मिनिटं मीठ न मागता जेवलो, कारण मला त्या वादात साक्षीदार व्हायचं नव्हतं.

मग एका वर्षी दिल्लीतलं सरकार बदललं. निकालाच्या दिवशी साडभाऊंनी मुकुटबनच्या पानठेल्यावरचा टीव्ही पाहायचं टाळलं, आणि दर तासाला मला फोन केला. बातम्या वाचणारा त्यांच्या ओळखीतला मीच एकटा, हे त्यांचं दुर्दैव.

"कोन येऊन राह्यलं?"

"दुसरे येताहेत."

"म्हनजे गेट जाते."

"अहो, गेट कसं जाईल?"

"आता रेल्वे इकतेत म्हने. मालक आला तर फाटकावर मानूस ठेवीन का बटन ठेवीन? बटनाले पगार लागत नाही, सुट्टी लागत नाही, बायको लागत नाही."

मागून ताईंचा आवाज आला, "अन् नंबर बी मांगत नाही!"

पण या वेळी त्यांचा आवाज चेष्टेला दाद देण्यासारखा नव्हता. त्यांच्या बापानं त्या लाइनवर गँगमध्ये खडी टाकली होती. गुमटीसमोरचा कडूनिंब यांनी स्वतः लावलेला. रिटायर होण्याआधी ते गेट सुटू नये, एवढी एकच मागणी या माणसाची जगाकडे होती. आणि ती कोणाकडे करावी हे माहीत नसल्यामुळे त्यांनी ती माझ्याकडे केली. "गुरुजी, तुमी शिकेल मानूस. सांगा, मी रिटायर होवस्तोर गेट राह्यते का?"

मी पंख्याखाली बसलो होतो, हातात चहा होता. अशा स्थितीत शिकलेल्या माणसाला सगळं माहीत असतं. "राहील," मी म्हणालो, "काही होत नाही."

"नंबर द्या."

"सदतीस," मी म्हणालो आणि हसलो.

ते हसले नाहीत. पेन चालल्याचा आवाज मला फोनवर आला. त्यानंतर त्यांचा आहार पूर्ववत झाला, असं ताईंनी बायकोला कळवलं. मी महिनाभर घरात त्याचा मोठेपणा मिरवला.

काही वर्षं बरी गेली. साडभाऊ येणाऱ्या प्रत्येक गाडीला हिरवी झेंडी दाखवून उभे राहत, आणि नव्या सरकारबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलत नसत. मग एके दिवशी टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन दोन पोरं आली. रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारल्या. साडभाऊंनी त्यांना चहा दिला. फाटकाखालून रस्ता काढणार होते, म्हणजे मग फाटक नको आणि गेटमनही नको. लोकांची सोयच होती, हे मी नाकारत नाही. त्या फाटकावर भरउन्हात कापसाच्या गाडीमागे मीही पुष्कळदा चडफडलो आहे. गंमत अशी, की त्या पोरांनी कागद दाखवला तर तो मंजूर झाला होता जुन्या सरकारच्या काळात. ज्या सरकारच्या राज्यात साडभाऊ निवांत झोपले, त्याच्याच फायलीत त्यांचं गेट जात होतं. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. भलत्याच दिशेला तोंड करून गाडीची वाट पाहत बसल्यासारखं त्यांना झालं असावं.

फाटकाच्या शेवटच्या दिवशी मी गेलो. खरं म्हणजे मला जायचं नव्हतं. त्या सदतीसची मला भीती वाटत होती. मोटारसायकलवर पांढरकवड्यापर्यंत मी सबबी शोधत होतो, आणि पुढे खड्डे शोधत होतो. पोचलो तेव्हा दुपारची मालगाडी यायची होती. फोन वाजला. साडभाऊंनी हँडल फिरवून दांडे खाली घेतले, कुलूप लावलं, हातानं ओढलं, पुन्हा ओढलं. फोनवर नंबर सांगितला. तिकडचा स्टेशनमास्तर काहीतरी जास्तीचं बोलला असावा, कारण साडभाऊ नुसतं "हो साहेब, हो" म्हणत राहिले. गाडी गेली. शेवटचा डबा वळणाआड जाईस्तोवर झेंडी हातात होती. मग त्यांनी दांडे वर केले, आणि खिशातून एक डायरी काढली.

पान माझ्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं : 'गुरुजी, घाटंजी. गेट राहील. ३७.' त्यांनी पेन काढलं आणि सदतीसवर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारली.

"साडभाऊ, मी न पाहता दिला," मी म्हणालो. माझा आवाज शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर होतो तसा झाला होता.

"तुमी काय पाह्यान गुरुजी," ते म्हणाले, "घाटंजीवरून गेट दिसते काय?"

आता ते बल्लारशाच्या पुढे कुठेतरी एका गोदामाच्या दारावर असतात. दोन वर्षं राहिली आहेत. नोकरी गेली नाही, पगार मिळतो, सगळे म्हणतात नशीबवान आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका साहेबाची जीप दारात थोपवून आत फोन लावला आणि नंबर मागितला. साहेब हसला, ही त्यांची पुण्याई. फाटकाखालच्या रस्त्यात पावसाळ्यात पाणी साचतं, तेव्हा लोक वर चढून रूळ ओलांडतात. मी हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते फाटक सांभाळायला तिथून पायी निघतील.

सध्या पुन्हा निवडणुकीच्या गोष्टी सुरू आहेत. कोणी म्हणतं हे राहतील, कोणी म्हणतं जातील. गोदामं ठेकेदाराला देणार असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं तसं काही नाही. पूर्वी अशा दिवसांत दर तासाला त्यांचा फोन यायचा. आता येत नाही, म्हणून मीच करतो. शिकलेल्या माणसाची भीती जरा उशिरा सुरू होते, पण सुरू झाली की थांबत नाही.

परवा विचारलं, "साडभाऊ, बरे आहात ना?"

"बरा आहो."

कशी कोण जाणे, मला हुक्की आली. म्हणालो, "नंबर द्या."

पलीकडे त्यांच्या बाजूला लांबवर एक इंजिन शिटी देत गेलं. त्या शिटीला त्यांचा हात आपोआप उचलला गेला असणार, झेंडी नसलेला.

"थांबा गुरुजी," ते म्हणाले. "पाहून सांगतो."

मी अजून थांबलो आहे.