बावीस पोळ्यांची प्रश्नावली

पायलट काकूंना काहीही विचारलं की आधी आपला प्रश्नच दुरुस्त होऊन परत यायचा. उत्तर मागाहून, आणि तेही काकूंची मर्जी असली तर. पहिल्या सेमिस्टरला मी त्यांना मोठ्या ऐटीत विचारलं, "या साबणाचा वास आणि किंमत तुम्हाला आवडते का?" त्यांनी लाटणं पोळीवर तसंच थांबवलं. "पोरी, हे दोन प्रश्न हायेत. वास आवडते, किंमत नाही आवडत. आता तू खूण कुठं करशीन?" मी खूण कुठेच केली नाही. खोलीवर जाऊन मुकाट्याने एका प्रश्नाचे दोन केले. आमच्या पुस्तकात ही चूक चौथ्या प्रकरणात दिली होती आणि आम्ही अजून दुसऱ्यातच होतो.

रायपूरला आम्ही मार्केट रिसर्चचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करत होतो. लोक काय विकत घेतात आणि काय घेत नाहीत, हे दारोदार जाऊन विचारायचं आणि त्याचे तक्ते करायचे, असं त्या शिक्षणाचं स्वरूप. प्रश्नावली बाजारात नेण्याआधी ती चार-दोन माणसांवर करून बघतात, त्याला आमच्या धंद्यात पायलट म्हणतात. आमच्या कितीतरी आधीच्या कुठल्याशा आळशी बॅचने शोध लावला होता, की त्यासाठी उन्हात जायची गरज नाही. तात्यापाऱ्यातल्या मेसच्या स्वयंपाकघरात एक बाई रोज सकाळी पोळ्या लाटते. तिचे हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. झालं, तेव्हापासून काकू पायलट झाल्या. नव्या पोरांना वाटायचं की काका विमान चालवत असतील. काका रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले होते आणि ओट्यावर बसून दिवसभर एकच पेपर वाचत.

साबण, शाम्पू, विमा, ट्रॅक्टर, बाळाचं दूध, केस काळे करायचं तेल, काय काय नाही विचारलं आम्ही त्यांना! ट्रॅक्टरच्या प्रश्नावलीत त्या 'शेती किती?' या प्रश्नावर "कुंडीत तुळस हाय, लिहून घे," म्हणाल्या होत्या. काकू बोलत मराठी, समोरचा पोट्टा उत्तर देई हिंदीत, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. "आमचे लोक भोसल्यायसंगं आले इकडं," असं त्या अभिमानाने सांगत. त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा "हां आई, समझ गया," असंच म्हणायचा.

प्रश्नावली किती लांब आहे हे आम्ही मिनिटांत मोजायचो, काकू पोळ्यांत मोजत. पहिला प्रश्न आला की पहिली पोळी तव्यावर पडायची. "बावीस पोळ्यांच्या वर गेली का माणूस खोटं बोलायले लागते," हा त्यांचा सिद्धांत होता. "त्याले राग नाही येत, पण त्याचं ध्यान निघून जाते. मग तू काहीबी विचार, तो हव म्हणते." त्यामुळे बाविसाव्या पोळीला आम्ही कसेबसे शेवटच्या ओळीवर येऊन पोचायचो. ती ओळ सगळ्या प्रश्नावल्यांत सारखीच असते: 'आणखी काही सांगायचं आहे का?' काकूंचं उत्तरही ठरलेलं. "नाही. तुमच्या पोळ्या झाल्या. उठा आता, ताटं मांडा." आजही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणी आपल्या कंपनीची प्रश्नावली टाकली, की अभिप्राय येण्याआधी कोणीतरी विचारतं, "कितनी पोळी की है?"

एक ते पाच गुण द्यायचे असले की मात्र काकूंचं आणि आमचं भांडण ठरलेलं. त्यांना साडेतीन द्यायचे असत. "काकू, अर्धा नाही देता येत." "काहून? भाजीत मीठ अर्धा चमचा टाकतेच ना मी?" लोक खरं बोलतात का हे तपासायला आम्ही ब्रँडच्या यादीत एक बनावट नाव घुसडत असू. पाहिलंय म्हणाला की समजायचं, गडी थापा मारतो. काकू यादी ऐकताना बरोबर त्याच नावावर डोळे बारीक करत. "हा साबण तूच रात्री बसून बनवला ना? नाव तरी चांगलं ठेवायचं."

एवढ्या खमक्या बाईला एकच प्रश्न चालत नसे, तो म्हणजे वरणाचा. काकूंचं वरण पातळ असे. इतकं पातळ की ताटलीत वाढलं की ते भाताला वळसा घालून थेट लोणच्याला भेटायला जाई. गुरुवारच्या पातोडीच्या रश्श्यासाठी जीव टाकणारी आम्ही पोरं रोजच्या वरणापुढे मान खाली घालून बसायचो. एका बॅचने मेसबद्दलच सर्व्हे करायची टूम काढली होती म्हणे. काकूंनी कागद हातात घेतला, वाचला आणि चुलीशेजारी ठेवून दिला. "घरच्यायले असं नसतात विचारत," म्हणाल्या.

माझं खरं शिक्षण रायपूरजवळच्या अभनपूरच्या बाजाराने आणि काकूंनी मिळून केलं. शाम्पूच्या छोट्या पुडीसाठी मी दोन दिवस अभनपूरला फिरले. ज्या बाईला विचारावं ती म्हणे, "हव, लेबो." घेऊ की! एकीनेही नाही म्हटलं नाही. मी उड्या मारत परत आले आणि काकूंना म्हटलं, शाम्पू तर धो धो खपणार! काकूंनी विचारलं, "पाणी पाजलं का त्यायनं तुले?"

"हो ना. एकीनं तर तांदळाचा चीला करून खाऊ घातला."

"मग त्यायनं तुले हो म्हटलं, तुझ्या शाम्पूले नाही. उन्हातान्हात दारी आलेल्या पोरीले कोण नाही म्हणन? घेशीन का, असं विचारूच नको कोणाले. मागच्या हप्त्यात काय घेतलं ते विचार. अन् काहून घेतलं हे तर बिलकुल नको विचारू. माणूस काहीतरी बनवून सांगते. काय केलं, तेवढं खरं असते."

आमचे सर हीच गोष्ट दोन तास फळ्यावर लिहून सांगत. मला ती काकूंनी सांगितली तेव्हाच कळली, हे सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय वाटून मिळाला आणि माझं तोंड उतरलं. एका कंपनीला रायपुरातच तेलीबांध्याला मोठं स्वयंपाकघर काढायचं होतं. मोबाइलवर सांगितलं की अर्ध्या तासात जेवणाचा डबा दारात. गिऱ्हाईक म्हणजे शहरातले विद्यार्थी. ते मेस सोडून डब्याकडे येतील का, एवढं मी शोधून काढायचं होतं. सरांनी बजावलं, "क्लाएंट का नाम किसी को नहीं बताना." बताना कशाला? मला नुसती प्रश्नावली घेऊन काकूंच्या समोर बसायची लाज वाटत होती. ज्यांचं अन्न खातो त्यांचीच मेस उठवायचा अभ्यास, आणि तोही त्यांच्याच ओट्यावर! मी काकूंना चुकवून पायलट शेजारच्या खोलीतल्या मुलींवर उरकलं.

आठ दिवसांनी काकूंनी मला वाढता वाढता धरलं. "सगळ्यायच्या प्रश्नावल्या आल्या, तुझी नाही आली. माझ्यात काय खोट हाय?" माझा बहाणा त्यांनी ऐकूनही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन बसले. पहिली पोळी पडली. पाचव्या प्रश्नापर्यंत त्या उत्तरं देत होत्या. सहाव्याला थांबल्या.

"हे पोट्टे मेस सोडतीन का, हेच पाहायचं हाय ना कोणाले तरी?"

मी कागदात डोकं घातलं.

"नाव नको सांगू, तुमचा नियम हाय. पुढं वाच."

पुढचा प्रश्न मी मुद्दामच घातला होता. 'घरगुती जेवण तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?' त्यावर सगळी पोरं 'फार महत्त्वाचं' असंच लिहिणार हे मला ठाऊक होतं. त्या एका प्रश्नाच्या जोरावर मेस वाचेल असा माझा हिशेब होता. काकूंनी तो एकदा ऐकला, पोळी उलटली आणि म्हणाल्या, "हा काढ. घरचं जेवण वाईट, असं कोण म्हणन? अभनपूरचा शाम्पू हाय हा. त्याच्या जागी लिही, मागच्या हप्त्यात मेस चालू असतानाबी किती येळा बाहेर जेवले."

"काकू, हे विचारलं तर…"

"तर खरं उत्तर येईन. रोज किती ताटं वाढायची राहतात, मले माहीत नाही का?"

मी तो प्रश्न लिहिला नाही. छापून आणलेली प्रश्नावली तपासायला काकूंनी चष्मा लावला आणि विचारलं, "माझा प्रश्न कुठं गेला?" मी म्हटलं, राहून गेला. "मग दुसरी छाप. खोटी प्रश्नावली माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर नाही गेली आजपर्यंत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी मला कांदा चिरायला बसवलं.

मी दुसरी छापली, आणि उत्तर आलं ते काकूंनी आधीच सांगितलेलं होतं. पोरं घरगुती जेवणाचे गोडवे गात होती आणि आठवड्यातून तीन-तीनदा बाहेर जेवत होती. क्लाएंटचा रिपोर्ट बाहेर कोणाला दाखवायचा नसतो. मी दाखवला नाही, काकूंना वाचून दाखवला. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या तक्रारी आल्या, तेव्हा मी एक ओळ गाळली. "गाळू नको," काकू म्हणाल्या. मी वाचलं: वरण फार पातळ असतं. असं लिहिणारे एकापेक्षा जास्त होते. काकूंनी पदराला हात पुसले. "नावं नको सांगू. नियम हाय." आणि थोड्या वेळाने, "ओळखते म्हणा मी."

दुसऱ्या दिवशी वरण घट्ट झालं. त्यावर मेसमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही, पण त्या दिवशी सगळ्यांनी भात दोनदा घेतला. मी जाईपर्यंत ते घट्टच होतं.

त्या प्रबंधावर मला पुण्यात नोकरी लागली. तेलीबांध्याचं स्वयंपाकघर सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत काकूंची मेस बंद झाली. मला हे ग्रुपवर कळलं. कोणीतरी पाटी उतरवल्याचा फोटो टाकला होता, खाली हात जोडलेली चिन्हं ओळीने. फोन करायची माझी हिंमत झाली नाही. करीन करीन म्हणत मी तो वर्षानुवर्षं केला नाही, आणि लोकांना प्रश्न विचारण्याचा पगार मात्र दर महिन्याला घेत राहिले.

गेल्या जानेवारीत संस्थेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. काकू आता मुलाच्या फ्लॅटवर राहतात, तोही नेमका तेलीबांध्याला. सकाळची भाषणं झाल्यावर मी रिक्षा केली. काकूंनी दार उघडलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "जाडी झाली. बाहेर जेवते वाटते." काका आत पेपर वाचत होते.

"मुलगा कधीमधी डबा मागवते," काकू सांगू लागल्या. "तुझ्या रिपोर्टातल्याच कंपनीचा. त्याच्यामागून मोबाइलवर प्रश्न येते, पाचपैकी किती? मी साडेतीन द्यायले जाते तर घेतच नाही. मग खाली लिहून पाठवते, तुमचा दुसरा प्रश्न दोन प्रश्न हायेत म्हणून. कोणी उत्तर नाही देत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वरण मात्र घट्ट असते त्यायचं. ते मी खरं लिहिलं."

मी हसले, आणि हसता हसताच इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "काकू, माझा राग आला होता का तुम्हाला?"

"शिकली नाही तू काही," काकू म्हणाल्या. "दारी आलेल्या पोरीले कोणी हो म्हणन का? तू नसतं लिहिलं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, अन् चूक लिहिलं असतं. नीट विचार. मेस बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काय केलं, ते विचार."

मी तसं विचारलं.

"पाचले उठली. कणीक भिजवली, रोजच्याएवढी. लाटायले बसली तवा ध्यानात आलं, का आज कोणीच येणार नाही. हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, भिजवली तर करून टाकते. सगळ्या केल्या. बावीसपर्यंत मोजल्या मी. वाटे का कोणी तरी कागद घेऊन येईन अन् काही विचारन." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "मग गाईले नेऊन घातल्या."

मला फार वाईट वाटलं. त्या सकाळी मी पुण्यात कुठल्या तरी बिस्किटाबद्दल कोणाला तरी काही विचारत असणार. सवयीने तोंडातून तीच शेवटची ओळ निघाली.

"आणखी काही सांगायचं आहे का, काकू?"

"हव, हाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. आज पोळ्या नाहीत."

संध्याकाळी संस्थेच्या पायऱ्यांवर आमच्या बॅचचा फोटो निघाला. त्यात मी नाही.