जेवढं येतं तेवढंच जातं

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टचं नेटवर्क मी सांभाळते. कामशेतहून रोज जाऊन-येऊन. मध्यंतरी दुपारचं बिलिंगचं मशीन रखडायला लागलं आणि मॅनेजरसाहेब कावले. मी म्हटलं, "थांबा, काउंटरवर बघते." झालं! साहेब तडक रिसेप्शनच्या काउंटरवरच्या पोरीवर तुटून पडले. अहो, माझे काउंटर संगणकातले, परफॉर्मन्स काउंटर! कुठल्या यंत्राकडे किती डेटा आला, किती गेला, एवढंच ते मोजतात. त्यात काय आहे ते दिसत नाही, आणि तेच बरं आहे.

आकडे काढले तर धुलाईखोलीतला एक फोन लय डेटा खात होता.

"सिनेमे बघतात लेकाचे. बंद करून टाक," साहेब म्हणाले.

पण सिनेमा बघणाऱ्याकडे नुसतं येत राहतं, जाणारं नावापुरतं. इथे जेवढं येत होतं तेवढंच जात होतं. म्हणजे कुणीतरी व्हिडिओवर बोलत होतं. मी हट्टी बाई, बंद करण्याआधी खाली गेले.

चादरी धुणाऱ्या मावशी जेवणाच्या सुट्टीत फोन साबणाच्या डब्याला टेकवून बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी भराभर बोलत होत्या. पडद्यावर त्यांची लेक, तीही हातांनीच. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही, पुण्याला शाळेच्या वसतिगृहात राहते. धुलाईखोलीत मावशींच्या फोनला रेंज नाही, म्हणून रिसॉर्टचं वायफाय. ते तोडलं की मायलेकींचं बोलणंच बंद.

मला बघून मावशींचे हात जागीच थांबले. "तुमाला वर समदं दिसतं व्हय?"

"नाही हो मावशी. काय बोलता ते नाही, किती बोलता तेवढंच दिसतं."

वर येऊन साहेबांशी भांडले. बिलिंगच्या मशीनला आधी वाट मिळेल, बाकीचे मागून, अशी सोय करून दिली. मशीन सुरळीत चालायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरचा आलेख बघते तर धुलाईखोलीच्या फोनची रेघ एवढीशीच. काही बिघडलं की काय म्हणून धावत खाली गेले. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"आज लवकर आटपलं?"

"तुमीच म्हनला ना, किती बोलते ते दिसतं. मंग पोरीला सांगितलं, आजपासनं कमी बोलायचं."

मला रडूच आलं. फोन उचलून त्यांच्या हातात कोंबला. "लावा परत. आणि पोटभर बोला!"